आंब्याची प्रदक्षिणा

मनुष्यानें घरांतून निघावें, चार कोस हिंडावें आणि ज्या दारांतून निघाला त्याच दारांत परत यावें, यांत लाभ तो काय? गाडींतून जाणारा कोठें तरी पोंचतो. प्रदक्षिणा घालणारा कोठेंच पोंचत नाहीं. तरीहि आपल्या पूर्वजांनीं प्रदक्षिणेला यात्रेपेक्षां कमी मानलें नाहीं. देवाचें दर्शन समोरून घ्यावयाचें, पण त्याची ओळख पटावयाची ती भोंवतीं फिरून, असा त्यांचा अनुभव असावा. इतिहासाचीहि गोष्ट तशीच आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. गांवाचा इतिहास पुस्तकांत वाचतां येतो. परंतु त्याच्या चारी बाजूंनीं पायीं फिरून आल्यावांचून पुस्तकांतील कोणतें वाक्य भक्कम जमिनीवर उभें आहे आणि कोणतें नुसतें ऐकीव आहे, हें ध्यानांत येत नाहीं.

हा विचार सुचण्यास एक लहानसें निमित्त घडलें. आमचा एक जुना विद्यार्थी, मूळचा भंडाऱ्याकडचा, हल्लीं स्कॉटलंडांत असतो. त्यानें गेल्या वर्षीं डफटाउन या गांवाच्या पायवाटांचा एक नकाशा आम्हांस पाठविला. डफटाउन हें स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतील एक चिमुकलें गांव. नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें संपल्यावर घरीं परतलेल्या माणसांस कामधंदा मिळावा, म्हणून फाइफचा चौथा अर्ल जेम्स डफ यानें १८१७ सालीं तें वसविलें. मधोमध घड्याळाचा मनोरा, त्याच्यापाशीं मिळणारे रस्ते आणि भोंवतीं व्हिस्कीच्या भट्ट्या, असें त्या गांवाचें रूप आहे. रोमला जसा आपल्या सात टेकड्यांचा, तसा आपणांस आपल्या सात भट्ट्यांचा अभिमान, असें तेथील लोक गमतीनें म्हणत असत. १८२३ सालीं पार्लमेंटानें मद्यावरील कर उतरविला व परवान्यांची सोय केली. तेव्हांपासून डोंगरांतल्या घळींत चोरून चालणारा हा धंदा हळूहळू उजेडांत आला. त्याच वर्षीं मॉर्टलक नांवाची या गांवची पहिली परवानेदार भट्टी सुरू झाली.

मनोऱ्यापासून निघावें, डलन नांवाच्या ओढ्याच्या कांठानें वर जावें, पाण्यानें कोरलेली ‘राक्षसाची खुर्ची’ पाहावी आणि मॉर्टलकच्या जुन्या चर्चवरून परत गांवांत यावें, अशी ती गोल वाट आहे. या चर्चविषयीं सांगतात, कीं इ. स. ५६६ मध्यें संत मोलुआग यानें तें स्थापिलें; पुढें १०१० मध्यें दुसऱ्या माल्कम राजानें येथें डेन लोकांचा पराभव केला आणि विजयाच्या कृतज्ञतेनें चर्चची लांबी तीन भाल्यांइतकी वाढविली. या गोष्टी ज्या बखरींतून येतात त्या त्या काळानंतर कित्येक शतकांनीं लिहिलेल्या आहेत, हें तेथील अभ्यासक जाणतात. चर्चमध्यें पिक्ट लोकांनीं कोरलेला एक दगड आहे. त्यावरील अनोळखी प्राण्यास पुढील लोकांनीं हत्ती ठरविलें व त्या दगडाचें नांव ‘हत्तीचा दगड’ पडलें. ज्या देशांत हत्ती नाहीं त्या देशांत हत्तीची गोष्ट दगडावर चढून बसली! पत्राच्या शेवटीं आमच्या विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, “सर, आपल्याकडेहि असें एखादें गांव असेलच.” हत्तीचा दगड वाचतांच आम्हांस आंबेजोगाई आठवलें. मार्गशीर्षांत दोन दिवसांची सवड काढून, एका स्नेह्यास बरोबर घेऊन, आम्ही तिकडे गेलों.

बीड जिल्ह्याच्या पूर्वभागांत, बालाघाटाच्या पठारावर, जयंती नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. भोंवतालचे लोक त्याला नुसतें ‘आंबा’ म्हणतात, आणि हा बोलीचा आळस नव्हे. यादवांच्या काळच्या लेखांत तें ‘आंबें’च आहे. निजामाच्या अमलांत त्याचें मोमिनाबाद झालें. संस्थान विलीन झाल्यानंतर जुनें नांव परत आलें. एकाच गांवाचीं हीं नांवें उच्चारलीं तरी त्याच्या इतिहासाचे थर हाताला लागतात.

प्रदक्षिणेचा आरंभ अर्थात् योगेश्वरीच्या देवळापासून केला. मार्गशीर्षांतील नवरात्राचे दिवस होते. सभामंडपांत पुण्याहून आणि मुंबईहून आलेलीं कुटुंबें ओटीचीं ताटें घेऊन उभीं होतीं. यांतील पुष्कळ मंडळी कोंकणस्थ, आणि हेंच या क्षेत्राचें मोठें कोडें आहे. कोंकणपट्टींतील घराण्यांची कुलदेवता सह्याद्रि ओलांडून, सगळें देश पठार तुडवून, मराठवाड्याच्या या टोंकाला येऊन कां बसली? लोकांजवळ याचें उत्तर तयार आहे. देवी कोंकणांतली, परळीच्या वैजनाथाशीं तिचा विवाह ठरला, वऱ्हाड निघालें, परंतु मुहूर्त टळला. देवी कुमारिका राहिली, माघारीं गेली नाहीं, आणि वऱ्हाड जेथल्या तेथें दगडाचें झालें. परळी येथून जवळच आहे. म्हणजे नवरी अगदीं दारापाशीं येऊन थांबली.

इतिहासाच्या पुस्तकांत ही कथा घेतां येणार नाहीं, हें उघड आहे. परंतु ती टाकून देण्यापूर्वीं तिला एक प्रश्न विचारावा. कथा नेहमीं एखाद्या शंकेचें उत्तर म्हणून जन्माला येते. ही देवी एवढ्या दूर कशी, ही शंका आज आम्हांस आली तशीच ती पूर्वीं कोणाला तरी आली असली पाहिजे, एवढें तरी या कथेवरून सिद्ध होतें. देवीशीं कोंकणचें नातें फार जुनें, इतकें जुनें कीं त्याचें कारण विसरलें जाऊन कथा रचावी लागली. कथा घटनेची साक्ष देत नसेल. विस्मरणाची साक्ष ती निश्चित देते.

देवळांतून निघून नदीच्या बाजूस उतरलें, कीं हत्तीखान्याचीं लेणीं लागतात. शिवलेणीं असेंहि त्यांस म्हणतात. जमिनीच्या पोटांत खडक खोदून अंगण काढलेलें, आंत खांबांच्या रांगांचा मंडप, मध्यें नंदीसाठीं मंडप, आणि अंगणांत दगडी हत्ती. वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांस हें लेणें साधें वाटेल. पण तेथील शांतता वेरूळास आतां उरलेली नाहीं. हेच तें दगड झालेलें वऱ्हाड, असें लोक सांगतात. आम्ही बराच वेळ त्या हत्तींजवळ बसलों होतों. आमच्या स्नेह्यांनीं म्हटलें, “नवरीच्या वऱ्हाडांत हत्ती असणारच.” आम्हांस मात्र उलट वाटलें. शैव लेण्याच्या अंगणांत हत्ती कोरण्याची चाल शिल्पकारांस ठाऊक होतीच. वेरूळच्या कैलासांतहि ते आहेत. हे हत्ती आधींपासून येथें होते. लेणें कोणी खोदलें, कां खोदलें, हें लोक विसरले. हत्ती मात्र दिसत राहिले. तेव्हां त्यांना बसवावयास जागा हवी म्हणून वऱ्हाड आलें. वऱ्हाडाचे दगड झाले नाहींत, दगडांचें वऱ्हाड झालें. मॉर्टलकच्या त्या दगडावरच्या प्राण्याला स्कॉटलंडांतील खेडुतांनीं हत्ती म्हटलें तें याच रीतीनें. मनुष्याला अर्थावांचून दगड पाहवत नाहीं.

येथवर सर्व श्रद्धेचें राज्य होतें. परंतु आंब्याच्या वाटेवर, सुदैवानें, बोलके दगडहि आहेत. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याचें हें ठाणें. त्याच्या घराण्याचे शिलालेख येथें सांपडले असून त्यांवर शके ११५० व शके ११६२, म्हणजे इ. स. १२२८ व १२४० हीं वर्षें आहेत. बाराखांबी म्हणून ओळखलें जाणारें सकलेश्वराचें देऊळ आणि खोलेश्वराच्या नांवाचें देऊळ हीं त्याच काळाचीं. खोलेश्वर जातीचा ब्राह्मण, धंद्यानें योद्धा. सिंघणाच्या राज्याचा विस्तार माळव्यापर्यंत आणि गुजरातपर्यंत झाला, त्यांत त्याच्या तरवारीचा वांटा मोठा होता. त्यानें देवळें बांधलीं, अग्रहार दिले, गांवें वसविलीं; अमरावतीजवळचें खोलापूर आजहि त्याचें नांव सांगतें.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्या लेखानें. खोलेश्वराचा मुलगा राम यानें बापाच्या मागून सेनापत्य स्वीकारलें, गुजरातच्या मोहिमेवर फौज नेली आणि तो रणांत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ आंब्यास रामनारायणाचें देऊळ बांधविलें. देवाच्या नांवांत भावाचें नांव गुंफून ठेवलें. सातशें ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं; सिंघणाचें साम्राज्य गेलें, देवगिरी पडली, भाषाहि बदलली; परंतु एका बहिणीचें दुःख संवत्सरासह दगडावर उभें आहे. आपल्या इतिहासांत स्त्रिया येतात त्या बहुधा कोणाच्या तरी राणी म्हणून, किंवा सती म्हणून. ही येते ती बांधणारी म्हणून. शाळेच्या पुस्तकांत तिचें नांव आम्हीं कधीं वाचलें नव्हतें, आणि कबूल करावयास हरकत नाहीं, वर्गांत कधीं सांगितलेंहि नव्हतें.

नदीच्या कांठीं दासोपंतांची समाधि आहे. येथें पुरावा आणखी एका प्रकारचा. दासोपंतांचा काळ शके १४७३ ते १५३७, म्हणजे इ. स. १५५१ ते १६१५. जन्म नारायणपेठचा, लहानपणीं बेदरच्या दरबारीं अटकेंत पडल्याची व दत्ताच्या कृपेनें सुटल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढें ते आंब्यास स्थिरावले आणि येथें बसून त्यांनीं जें लिहिलें त्याची केवळ मोजदाद ऐकून छाती दडपते. एकट्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख म्हणून सांगतात. परंतु त्यांचें खरें आश्चर्य म्हणजे पासोडी. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा खादीच्या कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय ओव्यांनीं व आकृत्यांनीं मांडला आहे. वेदांताचा एवढा अवघड भाग, आणि तो समजावून सांगावयास या माणसानें एखाद्या चांगल्या शिक्षकाप्रमाणें तक्ता काढला! आम्ही जन्मभर खडूनें फळ्यावर आकृत्या काढीत आलों. घंटा झाली कीं त्या पुसल्या जातात. दासोपंतांचा फळा चारशें वर्षें टिकला, कारण त्यांच्या वंशजांनीं तो देवघरांत देवासारखा सांभाळला.

येथें थोडें थांबून हिशेब करावा. खोलेश्वराविषयीं दगड बोलतो. दासोपंतांविषयीं कापड बोलतें. दोहोंवरहि प्रत्यक्ष त्या काळचें अक्षर आहे. मध्यें नक्कल करणारा कोणी नाहीं. हा हिशेब मनांत ठेवूनच पुढची वाट चालावयास हवी, कारण पुढें मुकुंदराज आहेत.

गांव मागें टाकतांना जुन्या छावणीची आठवण होते. निजामाच्या पैशावर पोसलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींतील ‘हैदराबाद काँटिंजंट’ नांवाची जी फौज होती, तिच्या घोडदळाचें मोमिनाबाद हें एक ठाणें होतें. १८५३ च्या तहानें तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून दिला गेला, आणि १९०३ सालीं ती हिंदुस्थानच्या सैन्यांत सामील झाली. त्या अधिकाऱ्यांत स्कॉटलंडचेहि कोणी असतील, आणि संध्याकाळीं आपल्या गांवच्या ओढ्याची आठवण काढीत याच वाटेनें फिरावयास निघत असतील, अशी कल्पना आमच्या मनांत आल्यावांचून राहिली नाहीं.

ओढ्याच्या कडेस शिंदीचीं दोनचार झाडें दिसलीं. डफटाउनची कहाणी मद्यावरच्या कराची, तर या झाडाचीहि कहाणी तीच. फक्त तिचा शेवट निराळा. निजामाच्या संस्थानांत ताडी-शिंदीच्या अबकारीचें उत्पन्न हा तिजोरीचा मोठा आधार होता. झाड शेतकऱ्याच्या बांधावर असलें तरी त्याच्या रसावर सरकारचा हक्क. स्कॉटलंडांत कर उतरला तेव्हां चोरटा धंदा कायद्याच्या कक्षेंत आला आणि गांव भरभराटलें. येथें १९४७ सालीं, संस्थान भारतांत सामील व्हावें म्हणून लढा सुरू झाला, तेव्हां मराठवाड्यांतल्या तरुणांनीं रात्रीबेरात्रीं शिंदीचीं झाडेंच तोडलीं. राज्याच्या खजिन्यावर घाव घालावयाचा, तर कुऱ्हाड कोठें घालावी, हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे त्यापूर्वीं याच गांवीं शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपली. एका शिक्षकाचें गांव म्हणूनहि आंब्यास नमस्कार करावा, असें आमच्यासारख्या पेशाच्या माणसास वाटलें तर तो पक्षपात क्षम्य मानावा.

पुढें वाट पठाराच्या कडेकडेनें जाते. काळी जमीन, हरभऱ्याचे हिरवे पट्टे, मधून मधून उघडा खडक. एक लहानशी वस्ती लागली. दहाबारा घरांपैकीं बहुतेकांस कुलपें. अंगणांत एक म्हातारी नातवंडांस घेऊन बसली होती. माणसें कोठें गेलीं म्हणून विचारलें, तेव्हां तिनें पश्चिमेकडे हात केला आणि म्हणाली, “उसाला गेली, बाबा. आता येतील ती उन्हाळ्यात.” दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम सरल्यावर परततात. निघाले त्याच दारांत परत येणें, ही त्यांचीहि प्रदक्षिणाच. पण तिचें पुण्य कोणाच्या पदरांत पडतें, हा प्रश्न आहे. आम्ही मघांपासून सातआठशें वर्षांपूर्वींच्या माणसांचीं नांवें वाचीत आलों होतों. या कुलपांमागच्या माणसांचीं नांवें कोणत्या दगडावर लिहिलीं जातील?

दुपारीं मुकुंदराजांच्या समाधीपाशीं पोंचलों. गांवापासून सुमारें पांच किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशींत, दरीच्या तोंडाशीं ही जागा आहे. खालीं झाडी, वर वारा. कोणाहि योग्यानें निवडावी अशी. मराठीचा आद्यकवि येथें विसावला, विवेकसिंधु हा मराठींतला पहिला ग्रंथ शके १११० मध्यें, म्हणजे ज्ञानेश्वरीपूर्वीं एकशें दोन वर्षें, याच आंब्यास रचला गेला, अशी परंपरा आहे. हें वाक्य आम्हीं सत्तावीस वर्षें वर्गांत सांगितलें. त्यावर परीक्षेंत प्रश्न काढले. आणि येथें एक जुनी गोष्ट सांगावी लागते.

फार वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें, कीं मुकुंदराज आंबेजोगाईचे नव्हेत, वैनगंगेच्या कांठच्या अंभोऱ्याचे. आम्हीं तांबड्या शाईनें त्यावर रेघ मारली आणि चार गुण कापले. तो भेटावयास आला, तेव्हां “गांवाचा अभिमान परीक्षेंत आणूं नये” असेंहि आम्हीं त्यास सुनावलें. हाच तो स्कॉटलंडांतून नकाशा पाठविणारा विद्यार्थी. त्यानें त्या प्रसंगाचा पुन्हा कधीं उल्लेख केला नाहीं. आम्हीं मात्र तो विसरलों नव्हतों. कारण पुढें वाचीत गेलों तसतसें लक्षांत येऊं लागलें, कीं गांवाचा अभिमान त्याच्यापेक्षां आमच्याच उत्तरांत अधिक होता.

पुरावा असा आहे. विवेकसिंधूच्या अखेरीस ग्रंथाचा शक, स्थळ आणि नदी सांगणाऱ्या ओव्या आहेत. स्थळाचें नांव अंबानगरी. नदीचें नांव मात्र प्रतींप्रमाणें बदलतें. कोठें तें बाणगंगेसारखें दिसतें, तर कोठें वैनगंगेसारखें. आंब्यावरून जयंती वाहते, अंभोऱ्यावरून वैनगंगा. मुकुंदराजांचे परमगुरु हरिनाथ यांची समाधि अंभोऱ्यास दाखवितात. ज्या जैत्रपाल राजासाठीं ग्रंथ झाला म्हणतात, त्यास कोणी बेतूलकडील खेरल्याच्या किल्ल्याशीं जोडतात. हें सर्व विदर्भाकडे बोट दाखवितें. तिसरी अडचण भाषेची. आज आपण वाचतों तो विवेकसिंधु ज्ञानेश्वरीहून सोपा, अर्वाचीन वाटतो. हातांत असलेल्या प्रती पुष्कळ उत्तरकाळच्या. नकलाकारांनीं भाषा आपापल्या काळाला जुळवून घेतली असेल, किंवा ग्रंथच परंपरा सांगते तितका जुना नसेल. दगड नाहीं, कापड नाहीं. आहे तो नकलेचा कागद. आणि कागदाची साक्ष दगडाच्या तोलानें घेतां येत नाहीं.

मग आंब्याचा दावा अगदींच पोकळ आहे काय? तसेंहि म्हणवत नाहीं. आम्हांस त्या दरींत बसून खोलेश्वराची आठवण झाली. तो मूळचा विदर्भाचा, आणि त्याचें ठाणें आंब्यास. ग्रंथाचा म्हणून जो शक सांगतात त्यानंतर चाळीसच वर्षांनीं एक विदर्भाचें घराणें या गांवीं देवळें बांधीत होतें आणि विदर्भांत अग्रहार देत होतें. म्हणजे त्या काळीं वैनगंगेचा कांठ आणि जयंतीचा कांठ हे एकमेकांस परके नव्हते. माणसें, पैसा, विद्या या वाटेनें जात-येत होतीं. गुरु तिकडे, शिष्य इकडे. ग्रंथ तिकडे, देह इकडे. असें होण्यास अडचण कोणती? हा पुरावा नव्हे, शक्यता आहे, हें आम्ही जाणतों. परंतु दोन गांवांनीं एका कवीसाठीं भांडावें, यापेक्षां तो कवि ज्या वाटेनें दोन्ही गांवीं पोंचला असेल ती वाट शोधावी, हें अधिक फलदायी दिसतें.

समाधीपाशीं एक वृद्ध गृहस्थ झाडलोट करीत होते. आम्ही वही काढून कांहीं टिपतों आहों हें पाहून ते जवळ आले.

“मास्तर दिसता. पुस्तकात काय लिहिलंय? महाराज इथलेच ना?”

आमच्या स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें. होय म्हणणें सोपें होतें. सत्तावीस वर्षें तेंच म्हटलें होतें. नाहीं म्हणणें उद्धटपणाचें झालें असतें, आणि खोटेंहि. आम्ही म्हणालों, “बाबा, ठाम सांगतां येत नाहीं. कांहीं जण म्हणतात ते येथले, कांहीं म्हणतात वैनगंगेकडचे. पुस्तकांचा निकाल अजून लागलेला नाहीं.”

आम्हांस वाटलें होतें, ते रागावतील. त्यांनीं केरसुणी भिंतीस टेकवून ठेवली आणि शांतपणें म्हणाले, “मग पुस्तकात तसंच लिहा. आमचा इथला दिवा काय तुमच्या पुस्तकावर लागत नाही. माझ्या आज्याच्या आधीपासून लागतोय.”

इतिहासाच्या मर्यादेची एवढी स्वच्छ व्याख्या आम्हांस एम्. ए. च्या वर्गांत कोणी दिली नव्हती. येथें कित्येक पिढ्या लोक मुकुंदराजांस स्मरत आले, हें सत्य आहे. तें सत्य शके १११० च्या ओवीवर अवलंबून नाहीं. आणि ती ओवी खरी कीं मागाहून आलेली, हा प्रश्न त्या दिव्यानें सुटणार नाहीं. दोघांनीं एकमेकांचें काम मागूं नये, म्हणजे दोघांचीहि अब्रू राहते. घोटाळा होतो तो आमच्यासारख्यांमुळें, जे दिव्याचा उजेड दाखवून ओवी सिद्ध झाली म्हणतात, अथवा ओवी डळमळली म्हणून दिवा मालवावयास निघतात.

हें आज विशेष सांगावेंसें वाटतें. ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद सर्वांस झाला, आम्हांसहि झाला. परंतु प्राचीनतेचा अभिमान एकदां अंगीं भिनला, कीं प्रत्येक गांवास पहिला कवि, पहिला ग्रंथ, पहिला शिलालेख हवासा वाटूं लागतो. मराठीच्या प्राचीनतेस अशा उसन्या आधाराची गरज नाहीं. शके १११० चा प्रश्न उद्यां कसाहि सुटला, तरी खोलेश्वराचे लेख, महानुभावांचें लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी आणि दासोपंतांची पासोडी आहेत तेथेंच राहतील. ज्या घराचा पाया भक्कम आहे, त्यानें एका संशयित विटेसाठीं शेजाऱ्याशीं कज्जा करूं नये.

उतरत्या उन्हांत आम्ही परत फिरलों. वस्तीवरची म्हातारी आतां चुलीपाशीं होती. धूर सरळ वर जात होता. गांवांत शिरलों तेव्हां योगेश्वरीच्या देवळांत आरतीची घंटा सुरू झाली होती. ज्या दारांतून निघालों त्याच दारांत परत आलों. हातांत नवें असें कांहीं नव्हतें. उलट, सकाळीं बरोबर नेलेलें एक ठाम वाक्य वाटेंत गळून पडलें होतें. परंतु त्याच्या जागीं लक्ष्मीचें नांव आलें होतें, विदर्भाकडे जाणारी एक वाट आली होती, आणि एका वृद्धाचें उत्तर आलें होतें. प्रदक्षिणेनें एवढें दिलें तर पाय दुखल्याची तक्रार करूं नये.

घरीं आल्यावर आम्हीं स्कॉटलंडास पत्र लिहिलें. नकाशाबद्दल आभार मानले, आंब्याच्या वाटेचें वर्णन केलें, आणि शेवटीं लिहिलें, “त्या उत्तरपत्रिकेंतील चार गुण तुमचे तुम्हांला परत केले आहेत. तुमचें उत्तर बरोबर होतें असें अजूनहि म्हणतां येत नाहीं. पण त्यावर मारलेली रेघ चुकीची होती.” पुढच्या मार्गशीर्षांत तो सुटीवर यावयाचा आहे. तेव्हां त्याच्याबरोबर अंभोऱ्यास जाऊन वैनगंगेच्या कांठची प्रदक्षिणा घालावयाचें आम्हीं ठरविलें आहे.